विश्लेषण : केजन आणि झायडेको नाच काय आहे? स्टेप एका संध्याकाळीत येतात, मग नवख्यांची खरी परीक्षा कुठे होते?

अमेरिकेतील लुईझियाना राज्यात काही ठिकाणी शनिवारचा नाच रात्री नव्हे, तर सकाळी नाश्त्याच्या वेळी सुरू होतो. अकॉर्डियन वाजू लागते, खुर्च्या मागे सरकतात आणि सत्तरीतील आजोबा विशीतील पाहुणीला नाचायला बोलावतात. स्टेज नाही, प्रेक्षक नाहीत, बसवलेला कार्यक्रमही नाही. या नाचांची नावे केजन आणि झायडेको. २०२५ मध्ये ‘झायडेकोचा राजा’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या क्लिफ्टन शेनिए यांची जन्मशताब्दी साजरी झाली. त्यानिमित्त निघालेल्या अल्बममध्ये रोलिंग स्टोन्ससारखा बँडही सहभागी झाला. त्यामुळे हे संगीत आणि त्यावरचा नाच पुन्हा चर्चेत आला. हे नाच नेमके कोणाचे, नवख्याने सुरुवात कुठून करायची आणि स्टेप पाठ झाल्यावरही अनेकांचे पाय का अडखळतात, याविषयी जाणून घेऊ.

केजन म्हणजे कोण आणि झायडेको म्हणजे काय?

दोन्ही नावे जोडीने घेतली जातात, पण ती दोन वेगळ्या समाजांची आहेत.

केजन हे मूळचे फ्रेंच वसाहतकरी. त्यांचे पूर्वज आजच्या कॅनडातील नोव्हा स्कोशिया आणि आसपासच्या भागात राहत. त्या प्रदेशाला तेव्हा ‘अकेडिया’ म्हणत. ब्रिटिशांनी १७५५ पासून या लोकांना घरादारातून हाकलून जहाजांवर चढवले. कुटुंबांची ताटातूट झाली, वाटेत असंख्य माणसे दगावली. वाचलेल्यांपैकी काही जण १७६०च्या दशकात लुईझियानात पोहोचले आणि दलदलीच्या, गवताळ मुलखात स्थिरावले. पुढे १७८५ मध्ये फ्रान्समधून सात जहाजांतून आणखी सुमारे १६०० अकेडियन तिथे आले. ‘अकेडियन’चे बोलीत ‘केडियन’ झाले आणि त्याचे इंग्रजी वळणाने ‘केजन’.

झायडेको ही लुईझियानातील कृष्णवर्णीय, फ्रेंच बोलणाऱ्या क्रिओल समाजाची देणगी. शेतमजूर आणि छोटे शेतकरी शनिवारी कोणाच्या तरी घरी जमत, फर्निचर बाहेर काढत आणि नाचत. या घरगुती मैफलींना ‘ला-ला’ म्हणत. ‘ज्युरे’ हा गाण्याचा आणखी जुना प्रकार तर वाद्यांशिवाय, केवळ टाळ्या आणि पायांच्या ठेक्यावर चाले. या परंपरेत ब्लूज आणि रिदम अँड ब्लूज मिसळले आणि दुसऱ्या महायुद्धानंतर झायडेको आकाराला आले. ‘झायडेको’ हा शब्द फ्रेंच ‘लेझ आरिको’, म्हणजे घेवड्यासारख्या शेंगा, यावरून आल्याचे मानले जाते. शेंगा अळणी आहेत, असे म्हणणे म्हणजे त्यात टाकायला खारवलेले मांसही घरात नाही, अशी गरिबीची कबुली.

थोडक्यात, केजन नाचाच्या मुळाशी विस्थापन आहे आणि झायडेकोच्या मुळाशी गुलामगिरीनंतरच्या काळातील गरिबी आणि वर्णभेद. फ्लोअरवर मात्र दोन्ही आनंदाचे नाच आहेत.

दोन्हींचे संगीत वेगळे कसे ओळखायचे?

नवख्या माणसाला सुरुवातीला दोन्ही सारखेच वाटते, कारण दोन्हीत अकॉर्डियन असते. अकॉर्डियन आणि आपली पेटी एकाच कुळातली. दोन्हीत हवेच्या दाबाने धातूची पट्टी कंप पावते आणि सूर निघतो.

केजन बँडमधील पारंपरिक अकॉर्डियनला उजव्या हाताला फक्त दहा बटणे असतात. भाता आत दाबला की एका बटणातून एक सूर येतो आणि बाहेर ओढला की त्याच बटणातून दुसरा. त्यामुळे वादकाचा हात सतत आत-बाहेर होत राहतो आणि त्या हिसक्यांतूनच नाचाला लागणारा ठेका तयार होतो. सोबतीला फिडल, म्हणजे व्हायोलिन, गिटार आणि लोखंडी त्रिकोण असतो. पूर्वी हे त्रिकोण गवत गोळा करण्याच्या शेतकी दाताळ्याच्या लोखंडी दात्यांपासून बनवत.

झायडेकोत फिडल अभावानेच दिसते. तिथे ड्रम्स, बेस, इलेक्ट्रिक गिटार आणि ‘फ्रोत्वार’ असते. फ्रोत्वार म्हणजे पन्हाळीदार पत्र्याचे जाकीट. ते खांद्यांवर अडकवायचे आणि बाटलीच्या ओपनरने किंवा चमच्यांनी छातीवर घासून वाजवायचे. आधी यासाठी कपडे धुण्याची फळी गळ्यात अडकवत. १९४६ मध्ये शेनिए यांनी खांद्यांवर बसणाऱ्या जाकिटाची कल्पना मांडली आणि विली लँड्री या धातुकाम करणाऱ्या कारागिराने ते बनवले. शेनिए स्वतः पियानोसारख्या पट्ट्या असलेले मोठे अकॉर्डियन वाजवत. त्यावर ब्लूजचे सूर सहज निघत. १९८४ मध्ये त्यांना ग्रॅमी मिळाले.

ओळखण्याची सोपी खूण अशी : फिडल आणि त्रिकोणाची किणकिण ऐकू आली तर बहुधा केजन. पत्र्याची खरखर आणि ड्रमचा जड ठोका ऐकू आला तर झायडेको.

नवख्याने सुरुवात कोणत्या स्टेपने करायची?

बहुतेक ठिकाणी नाच सुरू होण्याआधी अर्धा-पाऊण तास नवख्यांसाठी शिकवणी असते. तीत साधारण चार गोष्टी शिकवतात. आपल्याकडे ज्यांनी थोडाफार तबला ऐकला आहे, त्यांना मोजणी सोपी जाईल. वॉल्ट्झ दादऱ्यासारखा तीन-तीनमध्ये मोजायचा, टू-स्टेप आणि झायडेको केरव्यासारखे आठात. पुढील मोजणी लीड करणाऱ्यासाठी आहे. फॉलो करणाऱ्याने उजव्या पायाने सुरुवात करून आरशातल्याप्रमाणे उलट पाय घ्यायचे.

• केजन वॉल्ट्झ : एक-दोन-तीन, एक-दोन-तीन. प्रत्येक मात्रेला एक पाऊल, ‘एक’वर किंचित जोर. बॉलरूम वॉल्ट्झमध्ये शरीर वर-खाली होते, इथे तसे नाही. डोके एका पातळीत ठेवून घसरल्यासारखे चालायचे. नवख्यांसाठी हा सर्वांत सोपा नाच.

• केजन टू-स्टेप : १- डावा पाय डावीकडे, २- उजवा त्याच्या जवळ, ३- डावा पुन्हा डावीकडे, ४- उजवा जवळ आणून फक्त टेकवायचा, त्यावर भार द्यायचा नाही. ५ ते ८ हेच उजवीकडे. हे जमले की जागच्या जागी न करता जोडीने पुढे सरकत करायचे.

• केजन जिटरबग : गेल्या शतकात अमेरिकाभर गाजलेल्या जिटरबगचे हे लुईझियानातील रूप. पाय किंचित लंगडत चालल्यासारखे पडतात. सगळी मजा हातांत असते. दोन्ही हात धरून गिरक्या, गाठी आणि सोडवणी. दिसायला आकर्षक, म्हणून नवखे आधी याच्याकडे धावतात. शिकवणारे मात्र ते शेवटी ठेवतात.

• झायडेको : १- डावा पाय, २- थांबा, ३- उजवा, ४- डावा, ५- उजवा, ६- थांबा, ७- डावा, ८- उजवा. शिकवताना हेच ‘हळू, जलद-जलद, हळू, जलद-जलद’ असे म्हणतात. थांबण्याच्या मात्रेवर सरावलेले लोक पायाचा टोका मारतात, टाच टेकवतात किंवा गुडघा हलवतात. नवख्याने तिथे खरोखरच थांबायचे.

जागेच्या वापरातही फरक आहे. केजन वॉल्ट्झ आणि टू-स्टेपमध्ये सगळ्या जोड्या फ्लोअरभोवती घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरतात. झायडेकोत जोडी साधारण एका जागीच राहते. गर्दीच्या छोट्या क्लबांमध्ये वाढलेला हा नाच एखाद्या फरशीएवढ्या जागेतही होतो. गुडघे सैल, शरीराचा भार खाली, खांदे शांत आणि सगळी हालचाल कमरेखाली, ही त्याची ओळख.

स्टेप येतात, तरी नाच का अडतो?

याची कारणे बहुतेक वेळा तीनच असतात.

पहिले कारण भार. कोणत्याही क्षणी शरीराचे वजन एकाच पायावर पूर्ण असायला हवे. कॉम्प्युटरमधील बिटसारखे, शून्य किंवा एक, मधले काही नाही. नवखे लोक घाबरून भार दोन्ही पायांवर वाटून ठेवतात. मग पुढचे पाऊल कोणत्या पायाने टाकायचे, हे ना स्वतःला कळते ना जोडीदाराला. घरी ओट्यापाशी चहा उकळेपर्यंत झायडेकोच्या आठ मात्रा मोजत भार बदलण्याचा सराव केला, तरी फरक पडतो.

दुसरे कारण पावलांची लांबी. संगीत जलद झाले की नवखे मोठी पावले टाकू लागतात. मोठे पाऊल म्हणजे जास्त अंतर, जास्त अंतर म्हणजे जास्त वेळ आणि मग ठेका हातातून सुटतो. अनुभवी नर्तकांकडे पाहिले तर जलद गाण्यात त्यांची पावले उलट लहान झालेली दिसतात.

तिसरे आणि सर्वांत महत्त्वाचे कारण म्हणजे संवाद. यात ठरवून बसवलेला क्रम नसतो. पुढची गिरकी कधी येणार, हे लीड करणारा त्या क्षणी ठरवतो आणि ते जोडीदाराला सांगण्याचे साधन म्हणजे हातांतील आणि खांद्यांतील हलका ताण. हात लुळा ठेवला तर निरोप पोहोचत नाही. घट्ट आवळला तर जोडीदाराचा खांदा दुखतो. हा ताण व्हिडीओ पाहून येत नाही. वेगवेगळ्या उंचीच्या, वयाच्या आणि सवयीच्या माणसांबरोबर नाचूनच तो कळतो. म्हणूनच शिकवणीत दर काही मिनिटांनी जोडीदार बदलायला सांगतात. जोडपे म्हणून गेलेल्यांना सुरुवातीला हे अवघड वाटते, पण एकमेकांनाच धरून बसलेली जोडपी हळू शिकतात, कारण ती एकमेकांच्या चुकाही पाठ करतात.

बुटांचाही प्रश्न असतो. रबरी तळाचे स्पोर्ट शूज लाकडी फ्लोअरला घट्ट पकडतात. पाय अडकतो, शरीर फिरते आणि पीळ गुडघ्याला बसतो. त्यामुळे चामड्याच्या गुळगुळीत तळाचे बूट बरे. खास डान्स शूज घेण्याची गरज नाही. लुईझियानात अनेक जण काऊबॉय बूट घालूनच नाचतात.

फ्लोअरवरचे अलिखित नियम कोणते?

स्टेपपेक्षा नवख्यांना याचेच दडपण जास्त असते. नियम मात्र साधे आहेत.

• कोणीही कोणालाही नाचायला विचारू शकते. स्त्रीने पुरुषाला विचारणे, दोन स्त्रियांनी मिळून नाचणे यात नवल नाही. लीड पुरुषानेच करायचे, हा आग्रहही आता मागे पडला आहे.

• विचारणे म्हणजे एका गाण्यापुरते आमंत्रण. त्यातून दुसरा अर्थ काढायचा नाही. गाणे संपले की आभार मानायचे आणि जोडीदाराला कडेपर्यंत सोडायचे.

• ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार प्रत्येकाला आहे आणि कारण देणे बंधनकारक नाही. नकार मिळाला तर हसून पुढे जायचे.

• ‘मी आजच शिकतोय’ किंवा ‘शिकतेय’ असे आधीच सांगितले तर जोडीदार सोप्या स्टेप निवडतो.

• न विचारता फ्लोअरवर कोणाला शिकवायला जायचे नाही. कोणी आपल्याला शिकवू लागले आणि नको असेल, तर फक्त नाचूया, असे सांगता येते.

• जागच्या जागी नाचणाऱ्यांनी मध्यभागी राहायचे आणि कडेची वाट फिरणाऱ्या जोड्यांसाठी मोकळी ठेवायची.

• लुईझियानाची दमट हवा मुंबईकरांना अनोळखी नाही. जादा शर्ट आणि छोटा रुमाल जवळ ठेवणे हा शिष्टाचाराचाच भाग.

मग पूर्वी लोक हा नाच कसा शिकत?

त्यांना शिकवणीची गरजच नव्हती. केजन नाचाच्या मेळ्याला ‘फे दोदो’ म्हणतात. फ्रेंचमध्ये लहान मुलांना ‘गाई गाई कर’ असे सांगण्याचा हा शब्दप्रयोग. आई-वडील मुलांना नाचाच्या हॉललगतच्या खोलीत झोपवत आणि मग फ्लोअरवर येत. झोप न आलेली मुले डोकावून पाहत. थोडी मोठी झाली की आजीबरोबर, मामाबरोबर पहिला वॉल्ट्झ नाचत. नाच, गाणे आणि भाषा एकाच जागी कानावर आणि अंगावर पडत होती.

ही साखळी विसाव्या शतकात तुटत गेली. लुईझियानाच्या १९२१च्या राज्यघटनेने सार्वजनिक शाळांतील शिक्षण इंग्रजीतूनच देण्याचे बंधन घातले. शाळेत फ्रेंच बोलणाऱ्या मुलांना शिक्षा होऊ लागली. ज्यांनी त्या शिक्षा भोगल्या, त्या पिढीने आपल्या मुलांशी घरात फ्रेंच बोलणे टाळले. भाषेबरोबर गाण्यालाही ‘गावंढळ’ शिक्का बसला.

दुसरी भिंत वर्णाची होती. गोऱ्या केजनांचे आणि कृष्णवर्णीय क्रिओलांचे नाचाचे हॉल वेगळे असत. संगीत मात्र ही भिंत ओलांडत राहिले. क्रिओल अकॉर्डियनवादक आमेदे आर्द्वाँ आणि गोरे फिडलवादक डेनिस मॅगी यांनी १९२९ मध्ये एकत्र ध्वनिमुद्रण केले. आर्द्वाँ गोऱ्यांच्या नाचांनाही वाजवायला जात. अशाच एका नाचात घाम पुसायला एका गोऱ्या स्त्रीने त्यांना रुमाल दिला आणि त्या कारणावरून काही गोऱ्यांनी त्यांना अमानुष मारहाण केली, असे त्या भागात पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते. १९४२ मध्ये पाइनव्हिल येथील सरकारी मनोरुग्णालयात त्यांचा मृत्यू झाला. आज केजन आणि क्रिओल दोन्ही वादक ज्या सुरावटी वाजवतात, त्यांतील कित्येक त्यांच्यापासून आलेल्या आहेत. २०१८ मध्ये ऑपलूसस येथे त्यांचा पुतळा उभारण्यात आला.

परंपरा पुन्हा उभी कशी राहिली?

१९६४ मध्ये न्यूपोर्ट लोकसंगीत महोत्सवात फिडलवादक ड्युई बाल्फा आणि त्यांच्या साथीदारांना मोठी दाद मिळाली. ज्या गाण्याची गावाला लाज वाटत होती, त्यावर परक्या शहरातील श्रोते खूश होते. बाल्फा गावी परतले ते ही परंपरा नव्या पिढीपर्यंत पोहोचवण्याचा निश्चय करूनच. १९६८ मध्ये राज्यात फ्रेंच भाषेच्या विकासासाठी ‘कोडोफिल’ ही सरकारी संस्था स्थापन झाली. १९७४ मध्ये लाफायेट शहरात केजन संगीताचा मोठा गौरव सोहळा झाला आणि त्यातूनच आजचा ‘फेस्टिव्हल अकेडियन ए क्रिओल’ हा वार्षिक महोत्सव उभा राहिला.

झायडेकोची वाट वेगळी होती. काम शोधत टेक्सासला गेलेल्या क्रिओल कुटुंबांनी ते ह्युस्टनला नेले, तर काहींनी कॅलिफोर्नियाला. लुईझियानात आजही क्रिओल समाजाच्या ‘ट्रेल राइड’ निघतात. घोडेस्वारांचे जथे दिवसभर फिरतात आणि शेवटी झायडेकोवर नाच होतो. तिथली तरुण मुले हा नाच वर्गात नव्हे, तर याच गर्दीत शिकतात.

शिकायला कुठे जाता येईल?

लाफायेट हे या परिसराचे केंद्र. तिथल्या व्हर्मिलियनव्हिल या लोकजीवन संग्रहालयात रविवारच्या दुपारचे नाच प्रसिद्ध आहेत. जवळच्या युनिस गावात १९२४ मध्ये बांधलेले लिबर्टी थिएटर आणि अकॉर्डियन बनवणाऱ्या मार्क सॅव्हॉय यांचे दुकान आहे. दुकानातील शनिवार सकाळच्या मैफलीत वादक गोल करून बसतात. मामू गावातील फ्रेड्स लाउंज हा बार शनिवार सकाळच्या नाचासाठी आणि रेडिओवरील थेट प्रक्षेपणासाठी ओळखला जातो. न्यू ऑर्लिन्समधील ‘रॉक अँड बोल’मध्ये बोलिंगच्या शेजारीच झायडेकोचा फ्लोअर असतो. वेळापत्रके बदलत असल्याने निघण्यापूर्वी चौकशी करावी.

अमेरिकेतील मराठी कुटुंबांसाठी हे फार लांब नाही. ह्युस्टनहून लाफायेट मोटारीने साडेतीन तासांच्या आसपास आहे आणि ह्युस्टनमध्येच झायडेकोची जुनी परंपरा आहे. सॅन फ्रान्सिस्को बे एरियातही केजन-झायडेको नाचणाऱ्यांचा मोठा गट असून बर्कलेतील ‘अश्केनाझ’ या ठिकाणी असे नाच होत आले आहेत. भारतातून सुरुवात करायची असेल, तर मोजणी आणि भार बदलणे घरी शिकता येते. जोडीचा ताण मात्र जोडीदाराशिवाय येणार नाही. ज्यांना साल्सा किंवा स्विंगची सवय आहे, त्यांचे निम्मे काम झालेले असते.

बाहेरच्या माणसाने हा नाच शिकावा का?

हा प्रश्न तिथेही विचारला जातो. परक्यांच्या गर्दीत मूळ समाज बाजूला पडेल का, दोन वेगळ्या परंपरांची एकच खिचडी होईल का, ही भीती खोटी नाही. ग्रॅमीनेही २००७ मध्ये दोन्हींसाठी मिळून एक स्वतंत्र विभाग सुरू केला आणि २०११ मध्ये तो बंद करून त्यांना प्रादेशिक संगीताच्या विभागात टाकले.

पण दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. हे नाचासाठीचे संगीत आहे. खुर्चीत बसून टाळ्या वाजवणारे प्रेक्षक असले, तर बँडचे काम अर्धेच होते. फ्लोअर भरला की वादक गाणे लांबवतात, ठेका चढवतात. फ्लोअर रिकामा राहू लागला की हॉल बंद पडतात आणि हॉल बंद झाला की पुढच्या पिढीने नाच पाहण्याची जागाच जाते. ज्या घरांत आज फ्रेंच बोलली जात नाही, तिथल्या मुलांसाठी आजी-आजोबांच्या जगाशी उरलेला धागा अनेकदा हा वॉल्ट्झच असतो. शिकवणीला आलेल्या नवख्यांत त्यांचीही संख्या असते.

त्यामुळे बाहेरून येणाऱ्याकडून अपेक्षा मोजक्याच आहेत. केजन आणि झायडेको यांना एक समजू नये. नाच कोणाकडून आला, हे माहीत असावे. प्रवेशशुल्क भरावे, बँडच्या डब्यात काही टाकावे, वादकांची गाणी विकत घ्यावीत. आणि पहिल्या दिवशी कडेला उभे राहून मोबाइलवर व्हिडीओ काढत बसण्यापेक्षा एका तरी वॉल्ट्झला फ्लोअरवर उतरावे. तीनपर्यंत मोजता आले, तरी सुरुवातीला तेवढे पुरते.